अमीनसाबांचं पदक

"नाव नाही, सिस्टर." काळवणे साहेबांनी डोळ्याला लावलेलं भिंग खाली ठेवलं. "सगळा काठ फिरवून बघितला. एक अक्षर शिल्लक नाही."

शकीला सिस्टरनं नुसती मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं, तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर नव्यानं लागलं. "चहा घ्या साहेब, निवतोय," ती म्हणाली आणि स्वतःचा कप तसाच धरून बसली.

आप्पासाहेब काळवणे म्हणजे रिटायर झालेले पोलीस इन्स्पेक्टर. जुन्या पदकांचा त्यांना भारी नाद. जिल्ह्यातल्या जुन्या पोलिसांच्या वस्तूंचं एक दालन उघडायचं ठरलं होतं आणि वस्तू गोळा करायचं काम साहेबांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पेपरातली ती बातमी वाचून शकीलानं त्यांना फोन लावला. "माझ्या वालिदांचं पदक आहे," ती म्हणाली होती. "त्याच्यावरचं नाव तेवढं वाचून द्या, मग पदक तुमचं."

साहेबांना वाटलं, बाईंची नजर अधू झाली असेल. खरी गोष्ट निराळी होती आणि ती सांगायची शकीलाला सत्तरी उलटल्यावरही शरम वाटत होती. तिला आपल्या बापाचं नावच माहीत नव्हतं.

ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण कसं झालं ते ऐका. तिचा बाप निजामाच्या पोलिसांत अमीन, म्हणजे आपल्याकडचा फौजदार. नेमणूक फुलंब्रीच्या चौकीवर. गाव त्यांना अमीनसाब म्हणे, पोरगी अब्बा म्हणे आणि अम्मी तर काहीच म्हणत नसे. "ते", "घरचे", फार झालं तर "शकीलाचे अब्बा". बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग ती पाटलाची असो की अमीनाची. शकीला सात वर्षांची असताना पोलीस ॲक्शन झालं. निजामाचं राज्य बघता बघता आटोपलं आणि अब्बा एका सकाळी वर्दी घालून चौकीवर गेले ते परत आले नाहीत. कुणी म्हणे पळाले, कुणी म्हणे मारले गेले. कबर नाही, कागद नाही, काही नाही.

दाऊदमामूंनी मायलेकींना शहरात, उस्मानपुऱ्यात आणलं आणि शाळेत बापाच्या जागी सरळ स्वतःचं नाव लावलं. निजामाच्या पोलिसाची पोर म्हणवून घेण्याचे ते दिवस नव्हते. पुढं नर्सिंग, सरकारी दवाखान्यातली नोकरी, निकाह, पेन्शन, सगळीकडं ती शकीला दाऊदखान. मामूंना विचारायची सोय नव्हती. विषय काढला की भडकायचे, "कैकू गे? मैं मर गया क्या?" मग एका साथीत ते खरंच गेले. अब्बांच्या बाजूचे जे कुणी होते ते पाकिस्तानात गेले. विचारायला माणूस उरलं नाही. उरलं ते हे पदक.

रुपयापेक्षा मोठं, चांदीचं. पहिल्या मोठ्या लढाईत इंग्रजांनी इथल्या छावणीतून काही माणसं पोलीस म्हणून पार इराकात, बसऱ्याला नेली, त्यात अब्बा होते. तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगाच. येताना हे पदक घेऊन आले. एका बाजूला इंग्रज राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक गडी, अंगावर नावाला कपडा नाही. अम्मीला त्या नागड्याचा भारी राग. पदक खुंटीला टांगायचं झालं तर त्याचं तोंड भिंतीकडं. "बेशरम मुआ," म्हणायची. "इतना बडा बादशा, इसकू एक लुंगी नै दे सका!"

शकीलाला अब्बांची एकच गोष्ट लख्ख आठवते. त्यांच्या मांडीवर ती बसलेली, हातात पदक. तिचं बोट धरून ते पदकाच्या काठावरून फिरवायचे. काठाला बारीक बारीक अक्षरं कोरलेली, बोटाला खरखरीत लागायची. "ये कौन है?" ते विचारायचे. "ये मैं हूँ, बेटा." अक्षरं इंग्रजी आणि ती एवढीशी, तिला काय कळणार! ती नुसती बोटाला गुदगुल्या होतात म्हणून खिदळायची.

शहरात आल्यावर दर वर्षी ईदच्या आदल्या संध्याकाळी पदक घासायचं काम तिच्याकडं आलं. चिंच आणि चुलीतली राख लावून ती असं घासायची की राजाच्या गालावर स्वतःचं तोंड दिसावं. नर्सिंगला गेली, इंग्रजी अक्षरं आली, तशी सुट्टीत धावत घरी येऊन तिनं पदक काढलं. काठ गुळगुळीत होता. उजेडात धरून बघितला, ओला करून बघितला. काहीच नाही. इतकी वर्षं आपण चिंच लावून लावून बापाचं नाव घासून टाकलं, असं तिच्या मनानं घेतलं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ना अम्मीला, ना नवऱ्याला, ना लेकाला, फारूखला. आज काळवणे साहेबांना सांगितलं, तेही मान खाली घालून.

साहेब हसले. "अहो सिस्टर, काय डोक्यात घेऊन बसलात! चिंचेनं नाव गेलं असतं तर राजाचं नाक राहिलं असतं का? बघा, मिशा बघा कशा ठणठणीत आहेत." त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "आता काठ बघा. या आडव्या रेघा दिसतात? ही कानस आहे. लोखंड घासायची कानस. हे कुणीतरी मुद्दाम काढलंय."

शकीलानं बघितलं. खरंच रेघा होत्या, एकावर एक, घाईघाईनं मारलेल्या. तिच्या छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं आणि तेवढ्यात साहेब चाचरत पुढं बोलले, "म्हणजे... राग मानू नका. पण नाव काढलेली पदकं आम्हाला बाजारात दिसतात. चोरीचा माल असला की आधी नाव काढतात."

"साहेब!" शकीलाचा आवाज असा चढला की गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. "माझा बाप अमीन होता. चोर पकडायचा. बोट धरून दाखवलेलं आहे त्यांनी मला ते नाव!"

"चुकलं माझं," साहेब पटकन म्हणाले. माणूस सज्जन होता, कान लाल झाले त्यांचे. "पदक मी ठेवतो दालनात. पण नावाशिवाय पाटीवर काय लिहू? फुलंब्रीत त्या वेळचं कुणी असेल का?"

शकीला विचारात पडली. अम्मीनं त्या वाटेला कधी जाऊ दिलं नव्हतं आणि अम्मी गेल्यावर तिचं तिलाच धाडस झालं नव्हतं. पण एक नाव होतं. लहानपणी शहागंजच्या बाजारात फुलंब्रीची एक बाई भेटायची, टोपलं घेऊन बसलेली. अम्मीला बघितलं की ती गिऱ्हाईक सोडून उठायची आणि शकीलाच्या हातात हरभऱ्याचे डहाळे द्यायची. सारजा तिचं नाव.

संध्याकाळी बजाजनगरहून फारूखचा फोन आला. "अम्मी, आता नाव कळून काय पेन्शन वाढणारंय का?" तो थट्टेनं म्हणाला.

"तुझ्या पोराला शाळेत बापाचं नाव विचारतात, तो सांगतो. मला विचारलं तेव्हा मी मामूचं सांगितलं," शकीला म्हणाली. "मला खोटं बोलायला लावलं रे सगळ्यांनी."

त्या दिवशी तिला अम्मी फार आठवली. अम्मीनं शिवणकाम करून तिला वाढवलं. धीट बाई, घरमालकाशी कडाकडा भांडायची. पण बाहेर पडली की टांगेवाल्याशी काही बोलायची नाही. "कहाँ जाना, बाई?" असं त्यानं विचारलं की पदर तोंडावर ओढायची आणि कोपरानं शकीलाला ढोसायची, "तू बोल गे." मग शकीला गळा ताणून पत्ता सांगायची, टांगेवाला हसायचा आणि पदराआड अम्मीही हसायची. अम्मीला परक्या पुरुषाशी बोलायची लाज वाटते, असं शकीला समजायची.

आणि अम्मी शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होती तेव्हा शकीलानं तिचा हात धरून विचारलं होतं, "अम्मी, आता तरी सांग. अब्बांचं नाव काय होतं?" अम्मीनं डोळे उघडले. हसल्यासारखं केलं. तिचं कोपर हललं आणि हळूच शकीलाच्या हाताला लागलं. "तू बोल गे," ती म्हणाली. शकीलाला वाटलं, झालं, अम्मीला भ्रम झाला, टांग्यात बसलीय असं वाटतंय तिला. नर्स होती ना ती, अशी किती माणसं बघितलेली. तिनं कपाळावर ओली पट्टी ठेवली. अम्मी मग बोललीच नाही.

फुलंब्रीला सारजाबाईचं घर लगेच सापडलं. ओट्यावर बाजेवर एक म्हातारी बसली होती, वाळलेल्या शेंगेसारखी, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत. जवळच तिची सून आशाबाई भांडी घासत होती.

"कोण गं बाई?" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला.

"मी शकीला. अमीनसाबांची."

सूप मांडीवरून घसरलं, तूर ओटाभर झाली. "अगं माय माय! अख्तरीची पोर व्हय तू? ये, हितं ये, मला बघू दे." तिनं शकीलाच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला आणि रडायलाच लागली. शकीलाही रडली. भांडी तशीच टाकून आशाबाईनं पाणी आणलं.

शकीलानं पिशवीतून पदक काढलं. सारजाबाईनं ते हातात घेतलं आणि लगेच म्हणाली, "नागडा हाय का माघारी अजून?" दोघी रडता रडता हसल्या. मग म्हातारी सांगायला लागली.

"मी नवी नवरी व्हते तवा. गावात नुसती पळापळ. माझा सासरा अमीनसाबाला म्हनला, वर्दी काढा, धोतर नेसा, आमच्या मळ्यात चला. त्ये म्हनले, चौकी कुनाच्या तरी हवाली केल्याबिगर मी हालनार नाय. गेले ते गेलेच. तुला आन तुझ्या मायला आमी कडब्याच्या गंजीत लपिवलं. मानसं घर घर हुडकत व्हती, पोलिसवाल्याचं कोन हाय म्हनून. मी म्हनलं, अख्तरी, ह्ये हिरीत टाक, ह्याच्यावर नाव हाय, सापडलं तर पोरीला जित्ती सोडनार नाय. तर म्हनं, त्यांनी बसऱ्याहून आनलंय, मी नाय टाकनार." सारजाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "मग मीच तिला कानस दिली. कुळवाची फास घासायची व्हती आमची. गोठ्यात बसून घास घास घासलं तिनं. बोटं सोलली. तोंडात पदर कोंबून रडत व्हती. आन झाल्यावर बघती तर काय, शेनाच्या भुईवर हात फिरवतीय. म्हनलं, काय सांडलं गं? तर म्हनं, त्यांचं नाव सांडलं. चांदीचा भुगा हुडकत व्हती बाई ती! गावंना. दुसऱ्या दिशी मीच त्याच्यावर सारवलं."

शकीलानं तिच्या हातातून पदक घेतलं. सात वर्षांची ती त्या कडब्याच्या गंजीतच कुठंतरी झोपलेली असणार. तिच्या जिवासाठी अम्मीनं हे केलं होतं आणि चांदीवरचं ते नाव तोंडातून कधी काढलंही नव्हतं.

"सारजामावशी," तिनं शेवटी विचारलं, "नाव काय होतं?"

"अमीनसाब," सारजाबाई म्हणाली.

"ते नाही. खरं नाव."

म्हातारी गोंधळली. तिनं सुनेकडं बघितलं, पुन्हा शकीलाकडं. "अमीनाचं नाव कोन घेतंय गं? सासऱ्याला म्हाईत आसंल. आमी बाया आमीनसाबच म्हनायचो. तुला म्हाईत नाय व्हय?"

संपलं. शकीलानं पदक पिशवीत घातलं. एवढ्या आशेनं आली होती, आता तेही दार बंद झालं. ओट्यावर सांडलेली तूर ती उगीच गोळा करायला लागली. तेवढ्यात रस्त्यावरून हिरवी कफनी घातलेला एक फकीर आला आणि दारासमोर उभा राहून मोरपिसं हलवायला लागला.

"आशे, मूठभर ज्वारी आन," सारजाबाईनं हाक दिली. "त्यो झोळीवाला बाबा आलाय."

आशाबाई तोंडाला हात लावून हसली. "बघा की सिस्टर. आमच्या मामंजींचं नाव फकिरा. त्यास्नी जाऊन वीस वर्सं झाली, पर आत्याबाई फकिराला अजून फकीर म्हनत नाय. झोळीवाला म्हनत्यात."

"जिभंला वळनच नाय, काय करू?" सारजाबाई लाजली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर नव्या नवरीची लाज आली. "आन मलाच काय हसती? हिची माय काय कमी व्हती? शहागंजात भेटली की मी इचारायचे, कुठं ऱ्हातीस गं आता? तर मोहल्ल्याचं नाव सांगंना. लाजून लाल व्हायची आन ह्या पोरीला ढोसायची. मग ही पोर वरडून सांगायची."

शकीलाच्या हातातली तूर गळून पडली.

ती स्वतः नवऱ्याला भर रस्त्यात नावानं हाका मारायची. दवाखान्यातल्या सगळ्या पोरी तशाच. ही रीत गावाच्या नावापर्यंत, मोहल्ल्याच्या नावापर्यंत जाते, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. अम्मीनं उभ्या आयुष्यात मोहल्ल्याचं ते नाव उच्चारलं नव्हतं. "आपला मोहल्ला" म्हणायची, "स्टेशनच्या अलीकडं" म्हणायची, टांग्यात, दुकानात, सगळीकडं लेकीला ढोसायची. तू बोल गे.

"काय सांगायचे मी, मावशी?" तिनं विचारलं.

"आता मला कुठं ध्यानात! तूच सांगायचीस की ठणाणा."

"उस्मानपुरा," शकीला म्हणाली.

"व्हय, त्येच की."

शकीलानं ओढणी तोंडाशी धरली आणि ती हमसून हमसून रडली. अब्बांचं नाव उस्मान होतं. अम्मीनं लपवलं नव्हतं काही. ती रोज सांगत होती, लेकीच्याच तोंडून वदवून घेत होती, पदराआड हसून ऐकत होती. मरताना विचारलं तेव्हाही तिनं सांगितलं होतं आणि लेकीनं तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली होती. नर्स म्हणे! सारजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काय झालं ते तिला पुष्कळ वेळानं कळलं.

काळवणे साहेबांना शकीलानं सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "मला पटतंय, सिस्टर," ते म्हणाले. "शंभर टक्के पटतंय. पण कमिटी पुरावा मागते हो. बायको मोहल्ल्याचं नाव घेत नव्हती, हा पुरावा मी कुणापुढं ठेवू?"

"ठेवू नका," शकीला म्हणाली. रागावली नाही ती. "पदक मी कबूल केलंय, ते घ्या. पण दोन गोष्टी ऐका. राजाचं तोंड वर ठेवा, त्या नागड्याचं खाली. अम्मीला आवडायचं नाही. आणि त्याला आता कुणी घासू नका."

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी होती, भाषणं झाली. फारूख कंपनीतून सुट्टी मिळाली नाही म्हणून येऊ शकला नाही. शकीला भाषणं संपल्यावर एकटीच आत गेली. काचेच्या पेटीत मखमलीवर पदक होतं, राजाचं तोंड वर. खाली पाटी होती : बसरा मोहिमेचे पदक. मानकरी, पोलीस अधिकारी. नाव अज्ञात. तिनं पाटी वाचली. मग वाकून पदकाच्या काठाकडं बघितलं. वरच्या दिव्याचा उजेड बरोबर काठावर पडला होता आणि अम्मीच्या हातच्या त्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. भिंगही लागलं नाही. शकीलानं काचेवर बोट ठेवलं आणि काठाच्या बाजूनं एकदा पुरं फिरवलं. मग ती बाहेर आली.

फाटकाशी रिक्षा उभी होती. ड्रायव्हर पोरसवदा, कानात गाणं लावलेला.

"कहाँ जाना, आपा?"

शकीला आत बसली. पिशवी मांडीवर घेतली. तिचं डावं कोपर आपोआप बाजूला सरकलं, शेजारी कुणी बसलेलं असावं तसं.

"उस्मानपुरा," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाली, "उस्मान..." पुढं तिला बोलवेना.

ड्रायव्हरनं कानातली वायर काढली. आरशातून त्यानं तिच्याकडं बघितलं.

"हाव आपा, सुना मैं," तो म्हणाला. "उस्मानपुरा." आणि त्यानं रिक्षा चालू केली.